छापील चेक आणि पावत्या: प्रिंटर घेण्याआधी जपायच्या गोष्टी

औसा परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात त्यांना शेकडो शेतकऱ्यांना पैसे द्यावे लागतात. बरेचसे पैसे थेट खात्यात जातात, परंतु काही शेतकरी चेकच मागतात, आणि हे चेक ते कार्यालयातील लेझर प्रिंटरवर छापतात. शेजारच्या एका संस्थेचा चेक रक्कम वाढवून वटवला गेल्यापासून संचालक मंडळ घाबरले आहे. आता कोणता प्रिंटर, कोणती शाई आणि कोणता कागद घ्यावा, कंपनीची भाग प्रमाणपत्रे आणि माल जमा केल्याच्या पावत्या बनावट निघू नयेत म्हणून त्यांवर होलोग्राम लावावा का, आणि कपाटात पडून असलेल्या दोन जुन्या चेकबुकांचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझी नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या क्लिअरिंग विभागात, म्हणजे बँकांनी एकमेकांचे चेक वटवण्याच्या कामात, गेली आणि निवृत्तीनंतर पतसंस्था व आडत दुकानांचे अंतर्गत हिशेब तपासण्याचे काम मी करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की प्रिंटरचा प्रश्न खरा असला तरी तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आपला चेक आज कोण पाहतो आणि कसा पाहतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पूर्वी चेकचे पान प्रत्यक्ष फिरत असे. मोंढ्यातील व्यापाऱ्याने दिलेला चेक शेतकऱ्याच्या बँकेतून क्लिअरिंग हाऊसमार्गे व्यापाऱ्याच्या शाखेत येई, आणि तिथला सही तपासणारा अधिकारी ते पान हातात घेऊन, उजेडाकडे धरून, बोट फिरवून पाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) मध्ये २००२ साली झालेल्या दुरुस्तीने चेकच्या प्रतिमेला कायदेशीर स्थान मिळाले आणि त्यातून चेक ट्रंकेशनची पद्धत आली. आता पान जिथे जमा होते तिथेच थांबते. पुढे जाते ती त्याची स्कॅन केलेली प्रतिमा आणि तळाच्या, चुंबकीय शाईने छापलेल्या पट्टीतील आकडे. आपल्या बँकेचा पैसे देणारा कर्मचारी बहुधा आपल्या शाखेत नसतो. तो दूरच्या एखाद्या शहरातील केंद्रीय कक्षात बसून कमी रिझोल्यूशनची करडी आणि कृष्णधवल चित्रे पाहत असतो. कागदाचा जाडपणा, जलचिन्ह (वॉटरमार्क), खरवडल्याने उठलेले तंतू यांतले काहीही त्याला दिसत नाही. ते दिसू शकते फक्त चेक स्वीकारणाऱ्या बँकेच्या काऊंटरवर, आणि तेही तिथल्या माणसाने अतिनील दिव्याखाली पान धरले तरच.

म्हणून पान वाईट आहे असे मात्र समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या सीटीएस-२०१० (चेक ट्रंकेशन सिस्टिम) मानकानुसार छापलेले चेकचे पान फार विचारपूर्वक बनवलेले असते. उजेडाकडे धरल्यावर ‘सीटीएस-इंडिया’ हे जलचिन्ह दिसते. झेरॉक्स काढली की एरवी न दिसणारी अक्षरे पार्श्वभूमीतून उमटतात. बँकेचे बोधचिन्ह अदृश्य शाईत असते आणि ते अतिनील प्रकाशातच चमकते, तर खुद्द कागद त्या प्रकाशात मंद राहतो. बाजारातला पांढराशुभ्र कागद त्याच प्रकाशात निळसर उजळतो, आणि नकली पान ओळखण्याची सर्वांत सोपी खूण हीच आहे. आम्ल, ब्लीच किंवा द्रावक लावल्यास डाग उठावा अशी रासायनिक संवेदनशीलताही त्या कागदात असते. एवढे सगळे बँकेने आपल्याला फुकट किंवा नाममात्र शुल्कात दिलेले असताना संस्थांनी ‘सुरक्षित कागदा’वर वेगळा खर्च करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चेक बँकेच्याच पानावर छापायचा असतो. तळाची चुंबकीय पट्टी बँक छापून देते, तेव्हा त्यासाठीचे महागडे चुंबकीय टोनर विकायला कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आता फसवणुकीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात, कारण नुकसान कोणाच्या माथी बसते हे त्यावर ठरते. पहिला प्रकार खोट्या सहीचा. सही आपली नसेल तर तो आपला आदेशच नव्हे, आणि बँकेने त्यावर पैसे दिले तर सामान्यतः जबाबदारी बँकेची. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात हेच सांगितले. तिथे कंपनीच्याच हिशेबनिसाने ४२ चेकांवर खोट्या सह्या करून सव्वातीन लाखांहून अधिक रक्कम काढली होती. कंपनीने बराच काळ खातेउतारे नीट तपासले नाहीत, हा बँकेचा बचाव न्यायालयाने मानला नाही.

दुसरा प्रकार मात्र आपल्या घरातला आहे. सही खरी असते आणि रक्कम किंवा नाव नंतर बदललेले असते. अधिनियमाचे कलम ८७ सांगते, की महत्त्वाचा बदल केलेला लेख (येथे चेक) त्या बदलाला संमती न देणाऱ्याविरुद्ध रद्द ठरतो. पण कलम ८९ लगेच बँकेला संरक्षण देते: बदल वरवर दिसत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर ती मोकळी होते. बँकिंगच्या परीक्षेत आम्हाला लंडनचा १९१८ चा एक निवाडा पाठ असे. एका पेढीच्या भागीदाराने घाईत दोन पौंडांच्या चेकवर सही केली. अक्षरी रक्कम लिहिलेली नव्हती आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. कारकुनाने अलीकडे एक, पलीकडे शून्य घातले, अक्षरांत ‘एकशे वीस’ लिहिले आणि पैसे घेऊन तो पसार झाला. हाऊस ऑफ लॉर्ड्सने नुकसान पेढीवर टाकले, कारण चेक लिहिताना नीट काळजी घेणे हे खातेदाराचे बँकेप्रती कर्तव्य आहे. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडचे बहुतेक बदललेले चेक त्याच मोकळ्या जागेतून जन्माला येतात.

मराठीत तर ही जागा अधिकच निसरडी आहे. मराठीत लिहिलेला चेक बँकेला चालतो आणि तो लिहूही नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण ‘एक हजार’ लिहिताना दोन शब्दांत ऐसपैस जागा सोडली, की त्यात ‘वीस’ बसते आणि ‘एकवीस हजार’ तयार होतात. आकड्यांत १,००० च्या आधी एक २ घातला की काम फत्ते. देवनागरी १ चा ९ करायला तर एक वळण पुरते. हे सगळे हाताने लिहिलेल्या चेकवर घडते तसेच छापील चेकवरही घडते, कारण बाजारातील चेक छापण्याची अनेक सॉफ्टवेअर रक्कम चौकटीच्या मधोमध छापतात आणि अलीकडे दोन आकड्यांची जागा मोकळी सोडतात. तेव्हा पहिली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या मांडणीत करा. आकडा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेला असावा, त्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन तारांकन चिन्हे यावीत, अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी सुरुवातीपासून सुरू व्हावी, शेवटी ‘फक्त’ यावे आणि उरलेल्या जागेत शेवटपर्यंत रेघ जावी. नावाच्या ओळीलाही हाच नियम लागू आहे. ‘धारकास’ हा छापील शब्द खोडून दोन तिरप्या रेघांत ‘खाते जमा’ हे शब्द छापलेच पाहिजेत. त्याने बदल थांबत नाही, पण पैसा कोणाच्या तरी खात्यातूनच जावा लागतो आणि माग राहतो.

प्रिंटरविषयी एक गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली सांगतो. लातूरच्या एका संस्थेत मी तपासणीला गेलो असता त्यांनी मोठ्या अभिमानाने नवा लेझर प्रिंटर दाखवला. मी त्यांच्याच एका रद्द केलेल्या पानावर, नावाच्या ओळीवर, साधी चिकटपट्टी लावली, नखाने घासली आणि सावकाश ओढली. टेपवर नाव उचलून आले, वेलांट्या-उकारांसकट, आणि पानावर उरली फक्त फिकट सावली. लेझर प्रिंटरचे टोनर म्हणजे शाई नव्हे. ती प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते, ती उष्णतेने वितळून कागदावर बसते. उष्णता कमी पडली किंवा कागद जाडसर असला तर ती तंतूंत न शिरता वरच राहते. चेकचे पान साध्या कागदापेक्षा वेगळे असल्याने प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘जाड’ किंवा ‘खडबडीत’ निवडावा, म्हणजे यंत्र जास्त उष्णता देते. त्यानंतर तीच टेपची परीक्षा पुन्हा घ्यावी. अक्षरे हलली नाहीत तर आपला आहे तोच प्रिंटर पुरेसा आहे. रंगीत इंकजेट मात्र चेकला लावू नका, कारण त्यांपैकी अनेकांची शाई पाण्याच्या ओल्या बोटानेही पसरते. गंमत अशी, की अनेक पतसंस्थांनी भंगारात काढायला ठेवलेला, कर्कश आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर या कामाला उत्तम असतो. त्याच्या सुया रिबनमधली शाई कागदात ठोकतात, त्यामुळे शाई आत जाते आणि पाठीमागे बोटाला लागणारी ठसठशीत खूणही राहते.

सहीसाठी आणि हाताने भरायच्या मजकुरासाठी कागदात मुरणारी काळी किंवा निळी जेल शाई वापरा, आणि पेन आपलेच वापरा. कर्जाचे कागद भरून घ्यायला आलेल्या ‘प्रतिनिधी’ने पुढे केलेल्या पेनाने लिहिलेला मजकूर काही वेळाने उडून जातो आणि खाली फक्त आपल्या पेनाने केलेली सही उरते, हा प्रकार देशभर झालेला आहे. उष्णतेने पुसली जाणारी शाईची पेने शाळकरी मुलांच्या दप्तरातही असतात. हिरवी किंवा लाल फिकट शाई आणि पसरट रबरी शिक्के टाळा, कारण ते स्कॅनमध्ये नीट येत नाहीत किंवा रक्कम आणि सही झाकून टाकतात. रकमेवर पारदर्शक टेप चिकटवण्याची आपल्याकडची सवयही सोडा. ती टेप स्कॅनरला अडचण करते, आणि ती ओढून काढणाऱ्याचे काम सोपे होते ते वर सांगितलेच आहे. खाडाखोडीचा विषय तर १ डिसेंबर २०१० पासूनच मिटलेला आहे. ट्रंकेशनमध्ये तारखेच्या नूतनीकरणाखेरीज कोणतीही दुरुस्ती चालत नाही, मग ती सही करून प्रमाणित केलेली का असेना. चूक झाली की पान रद्द करून नवे घ्यायचे.

इथपर्यंत पान बदलण्याविषयी झाले. पण अलीकडच्या काळात मला जास्त भीती वाटते ती नक्कल केलेल्या चेकची. यात आपले खरे पान कपाटात सुरक्षित असते आणि त्याच क्रमांकाचे, आपल्या सहीचे दुसरे पान भलत्याच गावात वटते. त्याला लागणारे सर्व साहित्य आपणच वाटलेले असते. पुरवठादाराला खाते क्रमांक द्यायचा म्हणून रद्द चेकचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. त्यावर खाते क्रमांक, चेक क्रमांक, चुंबकीय पट्टी सगळे स्वच्छ दिसते, आणि कित्येकदा त्यावर सहीही केलेली असते. रद्द चेकवर सही करण्याचे काहीच कारण नसते. पानभर ‘रद्द’ असे आडवे लिहावे, चुंबकीय पट्टीवर पेनाने रेघा माराव्यात, आणि ज्या चेकबुकातली पुढची पाने वापरायची आहेत त्यातले पान देण्याऐवजी शक्य तिथे पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्यावी. तहसील कार्यालयासमोरच्या किंवा बसस्थानकाजवळच्या झेरॉक्स सेंटरच्या संगणकावर एकदा नजर टाका. डेस्कटॉपवर गावातल्या अर्ध्या लोकांची आधार कार्डे, पासबुके आणि चेक उघडे पडलेले दिसतील. दुकानदाराच्या मनात पाप नसते, पण फाइल पुसायला त्याला सवड नसते. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत द्या, आणि प्रत्येक प्रतीवर ती कशासाठी व कोणत्या तारखेला दिली हे मजकुराला छेदून जाईल असे लिहा.

नकली चेकला प्रिंटर अडवू शकत नाही, त्याला अडवते ती आधी कळवलेली माहिती. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय सुरू केली. ५०,००० रुपये आणि त्यावरील चेक दिल्यावर तारीख, नाव, रक्कम हे तपशील आपण बँकेला मोबाइल ॲप, नेट बँकिंग किंवा अन्य मार्गाने कळवायचे, आणि चेक आला की बँक ते ताडून पाहते. ही सोय खातेदाराच्या इच्छेवर असली तरी ५ लाख व त्यावरील चेकसाठी ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. आपले शेतकऱ्यांचे बहुतेक चेक ५०,००० च्या आत असतील, त्यामुळे ही सोय आपल्या कामाची नाही असे वाटेल. पण नकली चेक काढणारा वीस हजारांसाठी एवढा खटाटोप करत नाही. म्हणून आपल्या शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारा, की आमच्या खात्यावर ठरावीक रकमेच्या वरचा, पॉझिटिव्ह पेची नोंद नसलेला चेक वटवू नये अशी सूचना आपण स्वीकाराल का. त्यांनी मान्य केले तर प्रिंटरवर खर्च करण्याआधीच अर्धी चिंता मिटली. यासोबत खात्याला नोंदवलेला मोबाइल क्रमांक सोडून गेलेल्या जुन्या व्यवस्थापकाचा तर नाही ना, हे आजच पाहा. ही चूक मी दर तीन-चार संस्थांमागे एका ठिकाणी पाहतो.

वेळेचाही हिशेब बदलला आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक गठ्ठ्याने न जाता दिवसभर सलग क्लिअर होऊ लागले. चेक जमा होताच स्कॅन होऊन जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेला त्याच दिवशी होकार-नकार कळवावा लागतो. ‘उद्या बँकेत जाऊन थांबवू’ हे आता उशिराचे ठरते. खातेउतारा महिन्याने पाहण्याऐवजी रोज दुपारी पाहणारा एक माणूस नेमा, आणि तो चेक छापणारा किंवा सही करणारा नसावा.

माणसांविषयी याहून अधिक सांगणे अवघड आहे, पण एक सांगितलेच पाहिजे. दोन सह्यांची अट असलेल्या संस्थांत एक संचालक परगावी राहतात म्हणून पंचवीस कोऱ्या पानांवर आधीच सह्या करून ठेवतात. ऊसतोडीच्या उचलीसाठी मुकादम कारखान्याच्या वाहतूकदाराला कोरे चेक देतो, तसाच हा प्रकार. कायदा याकडे फार कोरडेपणाने पाहतो. कलम २० अर्धवट भरलेल्या चेकबाबत धारकाला तो पूर्ण करण्याचा अधिकार मानते, आणि बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की स्वेच्छेने सही करून दिलेला कोरा चेकदेखील देणे असल्याच्या गृहीतकाखाली येतो. ते गृहीतक खोडून काढण्याचे ओझे सही करणाऱ्यावर. कोऱ्या सहीच्या पानाला जगातला कोणताही सुरक्षित कागद वाचवत नाही.

आता आपल्या पावत्या आणि भाग प्रमाणपत्रे. येथे बँकेचा कागद नाही, सारे आपल्यालाच करायचे आहे. तरी होलोग्रामवर माझा फारसा विश्वास नाही. छापील रोलमध्ये मिळणारे चमकते स्टिकर जसे आपल्याला मिळते तसेच दुसऱ्यालाही मिळते. त्यापेक्षा चांगल्या छापखान्यातून झेरॉक्समध्ये उमटणाऱ्या लपलेल्या अक्षरांची पार्श्वभूमी आणि भिंगाखालीच वाचता येईल अशी सूक्ष्म अक्षरांची एक ओळ घ्या, आणि यंत्राने छापलेला अनुक्रमांक घ्या. क्यूआर कोड छापायचा असेल तर तो आपल्या नोंदीपर्यंत नेणारा किंवा डिजिटल स्वाक्षरी असलेला हवा. नुसते नाव आणि वजन साठवलेला क्यूआर कोणीही पाच मिनिटांत बनवतो. महसूल खात्याचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा विश्वासार्ह आहे तो कागदामुळे नव्हे. त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने संकेतस्थळावर मूळ नोंद पाहता येते, म्हणून. गोदामातील मालावर कर्ज काढायचे असल्यास नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावतीच घ्यावी, तिथे कागदाचा प्रश्नच उरत नाही. छापखान्याशी लेखी ठरवा, की वाया गेलेले ताव, जास्तीच्या प्रती आणि प्लेट आपल्यासमोर नष्ट होतील. बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणात नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयातून बाहेर पडलेल्या यंत्रसामग्रीने काय केले हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कोऱ्या पावत्यांची नोंदवही ठेवा आणि फाटलेले पानही क्रमांकासह चिकटवून ठेवा. रात्री नोंदवहीतली शिल्लक आणि कपाटातली पाने जुळली नाहीत तर त्या दिवशी कार्यालय बंद करू नका.

एवढे करूनही घटना घडलीच, तर पहिल्या तासात बँकेला लेखी कळवून पोच घ्या आणि चेकच्या प्रतिमेची मागणी करा. त्याच पत्रात, चेक ज्या बँकेत जमा झाला तिने मूळ पान जपून ठेवावे, अशीही मागणी करा. नियमानुसार ते तिच्याकडे दहा वर्षे असायला हवे, पण मागणी नोंदलेली बरी. शाई, खरवड, कागद यांची न्यायवैद्यक तपासणी फक्त मूळ पानावर होते, प्रतिमेवर नाही. पोलिसांत तक्रार देताना भारतीय न्याय संहितेचे कलम ३३८, म्हणजे मौल्यवान रोख्याचे बनावटीकरण, याचा उल्लेख असावा.

जुन्या दोन चेकबुकांविषयी. त्यांतली पाने सीटीएस-२०१० ची नसतील तर ती २०१८ अखेरपासूनच क्लिअरिंगमध्ये निरुपयोगी आहेत, पण त्यांवर आपला खाते क्रमांक आणि कोणा संचालकाची सही असू शकते. प्रत्येक पानाचा क्रमांक ठरावात नोंदवा, चुंबकीय पट्टी कात्रीने कापा आणि उरलेली पाने पत्रासोबत शाखेत जमा करून पोच घ्या. रद्दीवाल्याला देऊ नका.